तंजावूरच्या सोन्याला कुठला उजेड

तंजावूर चित्र आता देवघरातून दिवाणखान्यात आले आहे. पुण्यामुंबईच्या किंवा चेन्नईच्या नव्या घरात सोफ्यामागच्या भिंतीवर नवनीत कृष्ण किंवा गजलक्ष्मी टांगली जाते आणि खोट्या छतात तिच्यासाठी बारा व्होल्टचा एक छोटा स्पॉटलाइट बसवला जातो. तो कुठे बसवायचा, किती झुकवायचा, किती वॉटचा घ्यायचा हे सगळे ठरते ते तैलचित्रांसाठी संग्रहालयांनी बनवलेल्या नियमांवरून. चित्र ते चित्र, त्यात फरक कसला, असे गृहीत धरलेले असते. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. तंजावूर चित्र हे उजेडात ठेवायची वस्तू म्हणून घडलेले नाही. ते अंधाऱ्या जागेत, जवळ ठेवलेल्या लहान ज्योतीसाठी घडले आहे आणि फळी, सोने, काच यांच्या इतकाच दिवा हाही त्याच्या सामग्रीचा भाग आहे. हे म्हणणे कुठल्या चित्रकाराच्या लेखी साक्षीवर उभे नाही. ते उभे आहे चित्राच्या घडणीवर, आणि ज्या गावात ते घडले त्या गावाच्या दिव्यांच्या इतिहासावर.

त्या इतिहासाची सुरुवात बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरलेली आहे. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराच्या शिलालेखांत सोन्याच्या भांड्यांचे आणि दागिन्यांचे तपशील आहेत, नर्तकींची नावे आहेत, आणि दिव्यांचा हिशेबही आहे. एक नंदादीप अखंड तेवत ठेवायचा तर धनगराच्या हवाली ९६ मेंढ्या करायच्या आणि त्याने रोज एक उळक्कु तूप देवळात पोचवायचे. मेंढ्यांऐवजी गाई दिल्या तर ४८ आणि म्हशी दिल्या तर १६. एका ज्योतीमागे एवढे पशुधन उभे असे. आज खटका दाबून उजेड करणाऱ्याला हा आकडा धर्मादायाच्या उत्साहाचा वाटेल, पण तो मुख्यतः उजेडाच्या किमतीचा आकडा आहे. शेकडो वर्षे या गावात सूर्य मावळल्यावरचा, किंवा सूर्य पोचत नाही अशा गाभाऱ्यातला, प्रत्येक किरण कोणीतरी मोजून दिलेला होता. अशा ठिकाणी कारागीर थोड्या उजेडात पुष्कळ काम कसे साधायचे हे शिकतो.

याच मंदिराच्या गाभाऱ्याभोवतीच्या दुहेरी भिंतींमधल्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. ती १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी उजेडात आणली. त्यांच्यावर नायक काळातल्या चित्रांचा थर होता आणि खालचा थर त्यांनी पेट्रोमॅक्सच्या उजेडात ओळखला. त्या अरुंद बोळात दिवसाही दिवा न्यावा लागतो. म्हणजे चोळांच्या चित्रकाराने दिव्याच्या उजेडात, दिव्याच्या उजेडातच पाहायची चित्रे काढली, आणि सहा-सातशे वर्षांनी नायकांच्या चित्रकारानेही त्यावर तेच केले. या चित्रांत उठावाचे सोने नाही आणि तंजावूरची फळीवरची चित्रे थेट त्यांच्यापासून निघाली असेही मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते इतकेच, की अंधारात चित्र असणे ही या गावात अपवादाची गोष्ट नव्हती. देव जिथे असेल तिथे चित्र, आणि देव अंधारात असे.

विजयनगरच्या पडझडीनंतर तेलुगूभाषक चित्रकारांची घराणी दक्षिणेकडे सरकली. तंजावूर आणि तिरुच्चिरापळ्ळीला राजू, तर मदुरैकडे नायडू. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावूरची गादी मिळवली आणि १८५५ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर कंपनीने राज्य खालसा करीपर्यंत, भोसल्यांचा दरबार या चित्रकारांचा मोठा आश्रयदाता राहिला. आज तंजावूर चित्र म्हणून आपण जे ओळखतो, त्याचे रूप याच काळात, विशेषतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) कारकिर्दीत पक्के झाले. चित्रकार तेलुगू, धनी मराठी, मुलूख तमिळ. मराठी वाचक या चित्रांकडे अभिमानाने पाहतो ते योग्यच आहे, फक्त त्यात राजूंच्या हाताचा वाटा विसरू नये.

आता फळीकडे जवळून पाहू. तमिळमध्ये या चित्राला पलगै पडम म्हणतात. फणसाच्या किंवा सागाच्या फळीवर खळीने कापड चिकटवतात, त्यावर खडूच्या भुकटीचे आणि डिंकाचे हात देतात, आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटतात. त्यावर रेखाटन होते. मग रंग नाही, आधी उठाव. चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी मळून केलेला मक्कु कमानीच्या वेलबुट्टीवर, मुकुटावर, कंठ्यावर, पडद्याच्या काठावर थेंबाथेंबाने आणि दोरीदोरीने चढवतात. ओल्या मक्कुत काचेचे खडे बसतात. मग सोन्याचा वर्ख या चढउतारांवर दाबून बसवतात, इतका की प्रत्येक मणी वेगळा राहावा. रंग येतो तो यानंतर, आणि तो सपाट येतो: पाठीमागे गडद तांबडा, हिरवा किंवा निळा, अंगाला फिकट, जवळजवळ सावलीविरहित रंग. काळा म्हणून ज्याचे नाव, तो कृष्ण कितीतरी तंजावूर चित्रांत गोरा गुटगुटीत असतो.

हा क्रम उजेडाच्या दृष्टीने वाचला की त्यातला विचार दिसतो. सपाट सोने आरशासारखे वागते. उजेड एका बाजूने आला तर तो एकाच बाजूला जातो, आणि पाहणारा त्या बाजूला नसेल तर त्याला सोने मातकट तपकिरी दिसते. उठावाचा प्रत्येक मणी मात्र गोल असतो. त्याच्या पृष्ठावर कुठेतरी एक बिंदू असा असतोच, जो दिव्याचा उजेड नेमका पाहणाऱ्याच्या डोळ्यात पाठवतो. चित्रावर पाचशे मणी असतील तर एक ज्योत पाचशे ठिकाणी दिसते. पैलूदार काचांचे तेच. ज्योत हलली की हे सगळे बिंदू थोडे थोडे सरकतात. सोन्याचा आणखी एक गुण कामी येतो. ते निळा उजेड शोषते आणि पिवळा-तांबडा परत पाठवते. तेलातुपाच्या ज्योतीत निळा जवळपास नसतोच. म्हणजे ज्योतीने दिलेला बहुतेक सगळा उजेड सोने परत देते. गडद पार्श्वभूमी मंद उजेडात मागे जाते आणि फिकट अंग पुढे येते. अंधाऱ्या देवघरात चार पावलांवरून देव ओळखू यावा यासाठी याहून नेमकी रचना सुचवणे अवघड आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सोने वापरले ते श्रीमंतीसाठी आणि देवाच्या मानासाठी. उजेडाचे गणित मागाहून लावलेले आहे. सोन्यामागे मान आणि ऐपत होती यात वादच नाही. पण नुसती ऐपत दाखवायची असती तर सपाट वर्ख पुरला असता. तो लावायला सोपा आणि टिकायलाही बरा. उठावाला दिवसचे दिवस जातात, आणि मक्कुची मात्रा चुकली की तडा जातो. काचेला तर ऐपतीच्या दृष्टीने किंमतच नाही. काच तिथे आहे ती चमकण्यासाठीच. याहून बोलका पुरावा त्याच गावातल्या दुसऱ्या चित्रांचा आहे. सरफोजीराजांच्या काळात तंजावूरच्या चित्रकारांनी इंग्रजांसाठी कागदावर आणि अभ्रकावर चित्रे काढली: निरनिराळ्या जातीव्यवसायांची नवराबायकोची जोडपी, मिरवणुका, देवदेवता. त्यांचे संच आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ही चित्रे हातात धरून, खिडकीपाशी बसून, पाने उलटत पाहायची होती. त्यांत मक्कुचा उठाव नाही, खडे नाहीत, सोने असले तर नावापुरते. यात साहेबाच्या आवडीचा भाग होता आणि कागद उठावाचे वजन पेलत नाही, हेही खरे. तरी एकाच गावात, एकाच काळात देवघरासाठी एक तंत्र आणि खिडकीतल्या उजेडासाठी दुसरे, ही विभागणी योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. राजांची, दरबाराची चित्रेही याच तंत्राने झाली, आणि दरबार काही गाभाऱ्यासारखा अंधारा नव्हता. तंजावूरच्या जुन्या घरांना मधोमध उघडा चौक असतो, मुट्रम. तिथून भरपूर ऊन आत येते. मग हे तंत्र दिव्याचे कसे? इथे मला माझे म्हणणे थोडे रुंद करावे लागते. दरबारी चित्रांतही सोन्याचा उठाव कमानीला, दागिन्यांना, तलवारीच्या मुठीला असतो, चेहरा सपाटच. आणि चौकातले ऊन भिंतीवर वरून सरळ पडत नाही. ते बाजूने, तिरपे, ओसरीच्या खांबांतून येते आणि तासातासाला जागा बदलते. म्हणजे ज्योतीत आणि चौकातल्या उन्हात एक गोष्ट समान आहे: उजेड एका दिशेचा आहे आणि तो स्थिर नाही. या चित्राचे वैर अंधाराशी नाही, तसे उन्हाशीही नाही. त्याचे वैर आहे सगळीकडून सारख्या येणाऱ्या, न हलणाऱ्या उजेडाशी. तसा उजेड विजेच्या आधी तंजावूरच्या घरांत सहसा नव्हताच.

ज्योत हलती असणे ही मामुली बाब नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. आपण देवाला ओवाळतो. निरांजन मूर्तीच्या पायांपासून मुखापर्यंत आणि परत फिरते, आणि त्या फेरीत मूर्तीचे एकेक अंग उजळत जाते. तमिळ देवळातली कापूरारती हेच करते. समईसारखी ठेवलेली ज्योतही वाऱ्याने थरथरते. उंच कुत्तुविळक्कु आजही कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविलला ओतले जातात, आणि जमिनीवर ठेवलेल्या त्या दिव्याच्या ज्योती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याखाली येतात. म्हणजे चित्रावर पडणारा उजेड खालून किंवा बाजूने येई. छतावरून क्वचितच. तंजावूरच्या भोसल्यांच्या घरात दिव्याला किती मान होता, याची एक साक्ष तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरात उभी आहे. गादीवरून दूर झालेले अमरसिंह राजे याच क्षेत्री, मराठी कागदांतल्या मध्यार्जुनात, राहिले होते. त्यांच्या घराण्यातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावे म्हणून अम्मणी नावाच्या मुलीने लाख दिव्यांचा नवस बोलला आणि तो फळल्यावर दिवे लावले. त्यातला एक दिवा म्हणजे हातात पणती धरलेली तिचीच पितळी मूर्ती. तिच्यावरचा लेख १८५३ चा आहे, म्हणजे राज्य बुडण्याच्या दोनच वर्षे आधीचा. जिथे नवस फेडणारी स्वतःच दिवा होऊन देवापुढे उभी राहते, तिथे दिवा हा चित्रासमोर ठेवलेले निव्वळ साधन होता असे कोणी मानू नये.

उजेड बदलला तसे घरातले चित्रही बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेलचे कंदील पसरले आणि त्याच सुमारास, १८९४ पासून, रविवर्म्याच्या मुंबईच्या छापखान्यातून देवांची रंगीत छापील चित्रे घरोघर गेली. काचेमागचा सपाट कागद, त्यात चमकण्यासारखे काहीच नाही. तेव्हा दक्षिणेतल्या आणि महाराष्ट्रातल्याही घरांत बायकांनी त्या लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यांवर जर, टिकल्या आणि कापड डकवले. हे काम आज जुन्या बाजारात कुतूहलाची वस्तू म्हणून विकले जाते. मला ते फार मोलाचे वाटते, कारण ज्योतीपुढे न चमकणारा देव त्या बायकांना अपुरा वाटला आणि त्यांनी तो आपल्या हाताने पुरा केला. मग वीज आली. मेट्टूरचे विद्युतगृह १९३७ मध्ये सुरू झाले; जे कावेरीचे पाणी तंजावूरची भातशेती पिकवते, त्यावरच ही वीज निघू लागली. आधी छताला लोंबता बल्ब, मग देवघरात तांबडा झीरोचा दिवा, आणि पुढे भिंतीवर चार फुटी ट्यूब. तंजावूर चित्राचे खरे नुकसान या ट्यूबने केले. लांबच लांब, सगळीकडे सारखा पसरणारा उजेड प्रत्येक मण्यावरच्या बिंदूला ओढून रेघ करतो आणि रेघा एकमेकींत मिसळून सोन्यावर पांढरट साय धरते. त्यातल्या निळसर उजेडाचे सोने काहीच करू शकत नाही. ट्यूबखाली तंजावूर चित्र भडक वाटते अशी तक्रार सर्रास ऐकू येते, आणि भडकपणाचा दोष चित्रकाराच्या रुचीला दिला जातो. दोष दिव्याचा आहे.

बारा व्होल्टच्या स्पॉटलाइटकडे मी आशेने पाहतो ते यामुळे. दोन इंची, पैलूदार आरशाचा हा हॅलोजन दिवा मुळात स्लाइड प्रोजेक्टरसाठी निघाला आणि नंतर दुकानांच्या काचांमागे आणि घरांत शिरला. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. ती ट्रान्सफॉर्मरने बारावर आणली की तेवढ्याच वॉटसाठी दिव्याची तार आखूड आणि जाड करता येते. आखूड तार म्हणजे उजेडाचा उगम जवळपास एक ठिपका. ट्यूबच्या तुलनेत हा दिवा ज्योतीच्या फार जवळचा नातेवाईक आहे: लहान, एका दिशेचा, पिवळसर. आता त्याची जागा तशाच आकाराच्या एलईडीने घेतली आहे. घोटाळा होतो तो बसवताना. संग्रहालयांचा नियम असा, की दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांत चित्रावर पडावा. छत दहा फुटांवर आणि चित्राचा मध्य पाच फुटांवर असेल, तर दिवा भिंतीपासून तीन फुटांच्या थोडा आत येतो. या कोनाचा हेतूच असा, की वॉर्निश केलेल्या तैलचित्राची चकाकी पाहणाऱ्याच्या डोळ्यात न येता जमिनीकडे जावी. म्हणजे ज्या चित्राला चमकायचे आहे, त्याच्यासाठी आपण न चमकण्याचा नियम वापरतो. शिवाय प्रत्येक मण्याची सावली खाली पडते आणि मुकुटाच्या काठाखाली देवाच्या कपाळावर काळी रेघ येते. तंजावूर चित्राला दिवा बाजूने हवा, शक्य असेल तिथे खालून. चित्राखालच्या फळीवर किंवा कोनाड्यात ठेवलेला. चित्राच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक कमी ताकदीचा दिवा, आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा मंद, ही मांडणी छतातल्या एका प्रखर झोतापेक्षा कितीतरी बरी.

प्रखरतेचाही विचार करायला हवा. एक साधी वात साधारण एका मेणबत्तीइतका उजेड देते. पाच वातींची समई चित्रापासून दोन फुटांवर असेल तर चित्रावर तेरा-चौदा लक्सच्या आसपास उजेड पडतो. पन्नास वॉटचा हॅलोजन सहा फुटांवरून शेकडो लक्स टाकतो. वस्तूंचे जतन करणारे लोक नाजूक रंगांसाठी ५० लक्सची मर्यादा सांगतात, तेव्हा घरमालकाला वाटते की आपल्याला अंधारात बसवत आहेत. प्रत्यक्षात तो उजेडही समईच्या तिपटीहून जास्त आहे. जतनाच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो: जुना दिवा चित्राला सुखाचा नव्हता. काजळी आणि तेलाच्या धुराने कितीतरी जुनी चित्रे काळवंडली, आणि पुढे ती पुसताना आणखी बिघडली. त्या जागी परत तेलाची ज्योत आणावी असे मी म्हणत नाही. धूर न करणारा, गार राहणारा एलईडी या चित्राला समईपेक्षा नक्कीच जास्त आयुष्य देईल. हॅलोजनची ऊब मात्र टाळावी. फणसाची फळी उबेने आक्रसते, ओलाव्याने फुगते, आणि या ओढाताणीत पहिला तडा मक्कुला जातो.

दिवा विकत घेताना दोन गोष्टी खोक्यावर वाचाव्यात. एक, उजेडाचा रंग २७०० केल्विनच्या वर नसावा. दुसरी, तांबड्याची निष्ठा. रंग दाखवण्याचा जो नेहमीचा आकडा खोक्यावर छापतात, तो आठ फिकट रंगांवरून काढलेला असतो आणि त्यात गडद तांबडा धरलेलाच नसतो. त्याचा आकडा आर-नऊ या नावाने वेगळा देतात. स्वस्त एलईडी इथेच कमी पडतात. तंजावूर चित्राची पार्श्वभूमी तर बहुधा तांबडीच, आणि अशा दिव्याखाली ती विटकरी होते, सोने आणि तांबडा यांचे नाते तुटते. राहिली चौकटीवरची काच. जुन्या घरांतल्या चित्रांना ती असते आणि दमट हवेत, धुळीत ती हवीच. पण चकाकी घालवणारी खरखरीत काच बसवू नये. ती मण्यांचे बिंदूही पुसून टाकते. साधी काच ठेवून दिवा बाजूला घेतला, की काचेतले प्रतिबिंब आपोआप डोळ्याबाहेर जाते आणि सोने जागेवर राहते.